ऑपॉसम आणि काणी

ये सुजाता, अशी जवळ ये. एक चप्पल पायात, एक बाहेर, असं दारात उभं राहू नकोस. परवा आलीस, अर्धा चहा कपात ठेवलास आणि जिना उतरता उतरता म्हणालीस, "आत्या, सहामाहीचा पेपर काढायचाय. कोण डोकं लावतं? मागच्या वर्षीचाच देते टाकून." तू गेलीस, पण तुझं ते बोलणं माझ्याकडेच राहिलं. नोकरीला लागून किती दिवस झाले गं तुला? आणि बोलायला लागलीस रिटायर व्हायला आलेल्या माणसासारखी. रागावत नाही मी. दमतेस, ते दिसतंय मला. पण दमलेली बाई कशी असते ते मी फार जवळून बघितलंय, आणि त्या बाईने मागच्या वर्षीचा पेपर कधी दिला नाही. तुला समोर बसून ऐकायला सवड नाही, म्हणून लिहून ठेवते. माझी शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं शाळेच्या कपाटातल्या पुस्तकांवर झालं. तेव्हा ऱ्हस्वदीर्घ शोधू नकोस. लाल पेन खाली ठेव आणि वाच.

उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात आमची शाळा होती. खाली फर्निचरवाले, शेजारी जीन्स शिवायचे कारखाने, समोर पापडवाले, आणि वर आम्ही. मशीनची घरघर आणि पाढे एकत्रच ऐकू यायचे. मी तिथे शिपाई. घंटा देणं, पाणी भरणं, प्रयोगशाळा झाडणं माझ्याकडे. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, दोन कपाटं, एक सांगाडा. त्याच खोलीत मला भोईर बाई भेटल्या.

बाई मूळच्या बदलापूरच्या, कात्रपच्या. वडिलांची भातशेती. लग्न होऊन अंबरनाथ पश्चिमेला आलेल्या, आपल्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. उंच, वाळक्या, डोळ्यांखाली कायमची सावली. खांद्याला कापडी पिशवी असायची, पण ती बाजूला लटकत नसे. ती पोटावर घेऊन वर दोन्ही हात ठेवून चालायच्या. आत वह्या, डबा, नवऱ्याची औषधं, वाटेत घेतलेली भाजी. पोरं त्यांना कांगारू म्हणायची. बाईंना ते माहीत होतं. एकदा वर्गाबाहेरून मीच ऐकलं, त्या सांगत होत्या, "कांगारू कशाला म्हणता रे? केवढं मोठं असतं ते, उड्या मारतं. माझ्यात आहे का एवढा जोर? काहीतरी लहान शोधा."

मग ते लहान त्यांनीच शोधून आणलं. रद्दीवाल्याकडे परदेशी मासिकातलं एक रंगीत पान त्यांना मिळालं, ते पुठ्ठ्यावर चिकटवून वर्गाच्या भिंतीला लावलं. मांजरीएवढा प्राणी, तोंड उंदरासारखं, शेपटी उघडी, पाठीवर पिल्लांची ही गर्दी. ऑपॉसम. पिल्लं जन्मतात तेव्हा तुरीच्या डाळीएवढी असतात म्हणे, आणि आईच्या पोटावरच्या पिशवीत वाढतात. त्या पिशवीला पुस्तकात शिशुधानी म्हणतात आणि असल्या प्राण्यांना शिशुधान. बाईंनी मला बोलावून दाखवलं. "कांता, हिचं तोंड बघ गो. किती दमलीय. माझी सख्खी बहीण."

खोलीत आल्या की पहिला शब्द "दमले." चपला काढायच्या आणि पावलं गार फरशीवर टेकवून स्टुलावर बसायच्या. मी चहा आणायची. स्टाफचे कप खिळ्यांना लावलेले, ज्याचा त्याला. माझा स्टीलचा पेला खिडकीत, एकटा. का एकटा, ते तुला सांगायला नको. पहिल्याच आठवड्यात बाईंनी तो पेला उचलला आणि त्यात चहा ओतून घेतला. मी म्हटलं, "बाई, तो माझा आहे." तर म्हणाल्या, "मग? यात जास्त मावतो." बस्स. त्यावर भाषण नाही, काही नाही. पुढे तो पेला त्यांचाच झाला आणि त्यांचा फुलांचा कप माझा. हेडसरांनी एकदा बघितलं, मान फिरवली.

चहा पोटात गेला की त्यांचा खेळ सुरू. समोर दिसतील त्या दोन वस्तू उचलायच्या आणि विचारायचं, "सांग, दोघांत सारखं काय?" खडू आणि पापड. सांगाडा आणि हेडसर. एकदा म्हणाल्या, "कांता, तुझी घंटा आणि तुझी भाकरी."

मी म्हटलं, "दोन्ही मीच बडवते."

हसून हसून बाईंना खोकला लागला. मग मी विचारलं, "बाई, पुस्तकात तर सगळीकडे फरक सांगा, फरक सांगा असतं. तुम्ही उलटंच का विचारता?"

"फरक सांगायला शाळा कशाला लागते? तो घरी, गल्लीत, नळावर सगळीकडे शिकवतात." एवढं म्हणाल्या आणि डोळे मिटले. पुढच्या तासाला पाच मिनिटं होती, तेवढीच झोप.

आता काणीचं सांगते. तू शहरात वाढलीस, तुला काणी म्हणजे तिरळी बाई वाटेल. आपल्या गावाकडे काणी म्हणजे ज्वारीचा रोग. एक बुरशी असते. कणसात दाणा भरायचा तिथे दाण्याच्याच आकाराची करडी पिशवी तयार होते. चिमटीत धरून फोडली की आतून काजळासारखी भुकटी. ती भुकटी म्हणजे त्या बुरशीचं बियाणं. बाईंनी हे पुस्तकातून पंधरा वेळा शिकवलं होतं, पण डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांच्याकडे सगळा भात. मी सुट्टीत गावी गेले तेव्हा येताना काणीची कणसं कागदात गुंडाळून आणली. बाईंनी वर्गात एक पिशवी फोडली, जवळून बघायला गेल्या आणि त्यांना शिंक आली. नाक, गाल, कपाळ सगळं काळं. अख्खा वर्ग बाकांवर लोळला. बाई तशाच काळ्या तोंडाने शिकवत राहिल्या. "ही पेरताना दाण्याला चिकटून जमिनीत जाते. रोपाबरोबर आतल्या आत वाढते. शेतकऱ्याला काहीच कळत नाही. रोप हिरवं दिसतं. कणीस आलं की मग समजतं." त्या दिवशी ती कणसं ऑपॉसमच्या चित्राखालीच खिळ्याला टांगली. दुसरीकडे जागा नव्हती, एवढंच कारण.

पण हे सगळं बाई करायच्या ते कशावर, ते समजून घे. त्या कायम नव्हत्या. जूनमध्ये घ्यायचं, एप्रिलमध्ये सोडायचं, परत जूनमध्ये घ्यायचं. तुलाही तसंच ठेवलंय, म्हणजे तुला वेगळं सांगायला नको. नवऱ्याचा कारखाना बंद पडलेला, त्यांची छाती खराब. घरात एकच येणारा पगार, तोही उन्हाळ्यात थांबणारा. म्हणून दर जूनला बाई आधी हेडसरांच्या टेबलाकडे बघायच्या, आपल्या नावाचा कागद आहे का. त्या वर्षी मात्र संस्थेने सांगितलं होतं, भोईर बाईंना या खेपेला कायम करायचं. हेडसर स्वतः बोलले होते. बाईंनी पेढे वाटले नाहीत, पण चपला शिवायला टाकायच्या होत्या त्या न टाकता नव्या घेतल्या. मी ओळखलं.

आणि सहामाही आली.

पेपर छापायला हरूभाईंच्या प्रेसमध्ये जायचा. हरूभाई सिंधी, छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवणारे, वाचणं कमी आणि जुळवणं जास्त. बाईंनी हाताने लिहून दिलं होतं: साम्य लिहा. एक, ऑपॉसम आणि कांगारू. दोन, तांबेरा आणि काणी. तांबेरा म्हणजे गव्हावरची बुरशी. म्हणजे प्राण्याची जोडी प्राण्याशी, बुरशीची बुरशीशी. सरळ होतं. पण हरूभाईंची नजर पहिल्या 'आणि'वरून उठली ती दुसऱ्या 'आणि'वर जाऊन बसली. मधलं सगळं गेलं. पेपरात छापून आलं: साम्य लिहा. ऑपॉसम आणि काणी.

त्या दिवशी वर्गात मी पाण्याची कळशी घेऊन होते. कुणीतरी उभं राहिलं, "बाई, हा प्रश्न चुकलाय ना?" बाईंनी पेपर घेतला, वाचला. चेहरा उतरला. प्रूफ त्यांनी बघितलं होतं, पण नवऱ्याला दवाखान्यात नेलं होतं त्या संध्याकाळी, रांगेत बसून. मला वाटलं, आता म्हणतील, सोडून द्या. त्यांनी भिंतीकडे बघितलं. तिथे चित्र होतं आणि खाली कणसं. मग म्हणाल्या, "छापलंय ना? मग लिहा. जे सुचेल ते. कोरं ठेवू नका."

पेपर तपासले त्या दिवशी मी समोर झाडू घेऊन बसले होते आणि बाई वाचून दाखवत होत्या. एकाने लिहिलं होतं, "ऑपॉसमला दोन डोळे असतात. काणीचा एक तिरळा असतो. तरी दोघींना दिसते." दुसऱ्याने लिहिलं, "दोघीही बाईंनी भिंतीवर लावल्या आहेत." त्यालासुद्धा अर्धा गुण दिला. "खरं लिहिलंय गो त्याने," म्हणाल्या. त्या दिवशी एकदाही "दमले" म्हणाल्या नाहीत.

मग मीनाचा पेपर आला. मीना म्हणजे जीन्सच्या कारखान्यात धागे कापणाऱ्या बाईची मुलगी, मागच्या बाकावरची, तोंडातून शब्द न काढणारी. तिने लिहिलं होतं: "दोघींना पिशवी असते. दोघींच्या पिशवीत त्यांची पिल्ले असतात. पिल्ले आत असताना बाहेरून कळत नाही. पण ऑपॉसमची पिशवी तिची स्वतःची असते. काणीची पिशवी ज्वारीची असते, ती काणीने घेतलेली असते."

बाईंनी वाचलं. परत वाचलं. चष्मा काढून पदराने पुसला. "कांता, हे मला सुचलं नसतं गं," म्हणाल्या. "भिंतीवर मीच लावलं आणि मला दिसलं नाही."

त्या प्रश्नात वर्गातले बरेचजण पास झाले, थोडेफार. एकाने मात्र कोरं सोडलं. संस्थेच्या एका सभासदांचा मुलगा. त्याला ऑपॉसम आणि कांगारू तोंडपाठ होतं, आणि बाकी सगळ्यात पैकीच्या पैकी. त्या कोऱ्या जागेमुळे त्याचा पहिला नंबर गेला. आला मीनाचा नाही, दुसऱ्याच मुलीचा, पण गेला तो गेला. सभासद दुसऱ्याच दिवशी शाळेत. "प्राणी आणि रोग यांत साम्य? ही काय थट्टा आहे?"

हेडसर माणूस वाईट नव्हते. सभासदांना समोर बसवून त्यांनी बाईंना आत बोलावलं, मी बाहेर स्टुलावर, दार अर्धं उघडं. "भोईर बाई, सोपं आहे. एक ओळ लिहून द्या. प्रेसची चूक, प्रश्न रद्द, सगळ्यांना पूर्ण गुण. विषय संपला. तुमची कायमची फाईल वर जायचीय, हे लक्षात ठेवा."

हरूभाईसुद्धा ऐकून धावत आले होते, हाताला शाई तशीच. "साईं, गलती मेरी है. मेरा नाम डालो, मेरेको क्या फरक पडता है? बाई का नुकसान मत करो."

बाई म्हणाल्या, "हरूभाईंची चूक आणि माझीही. प्रूफ मी नीट पाहिलं नाही. हे मी लिहून देते, सही करते."

"आणि प्रश्न रद्द."

"तो नाही होणार सर. मुलांनी लिहिलंय."

"अहो, पण प्रश्नच चुकीचा होता!"

"होता. उत्तरं चुकीची नाहीत."

मग ते सभासद बोलले. "असं? मग तुम्हीच सांगा, काय साम्य आहे ते."

मला वाटलं, आता बाई मीनाचं उत्तर सांगतील आणि यांची बोलती बंद होईल. बाईंनी टेबलाकडे बोट केलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मला विचारू नका. मला येत नव्हतं. पेपर बघा." पेपर कुणी बघितला नाही. टेबलावरच होता तो गठ्ठा, दोरीने बांधलेला.

बाहेर आल्यावर मी अक्षरशः भांडले त्यांच्याशी. "एक ओळ बाई! एक ओळ लिहायला काय जात होतं? सगळ्यांना पूर्ण गुण म्हणजे मीनालाही मिळालेच असते की."

"मिळाले असते." त्या जिन्यातच बसल्या, चपला काढल्या. "पण कोऱ्याला तेवढेच आणि तिला तेवढेच. तिच्या उत्तरावर काट मारून दिलेले गुण. ती परत कधी लिहील का गं काही?"

मी म्हटलं, "आणि घरी काय सांगाल?"

त्या चपला पायात घालून जिना उतरायला लागल्या.

एप्रिलमध्ये सोडलं. नेहमीसारखंच सोडलं, म्हणून कुणाला काही बोलताही येईना. शेवटच्या दिवशी पिशवी भरता भरता त्या म्हणाल्या, "कांता, शेवटचं. मी आणि काणी. सारखं काय?"

मी म्हटलं, "असलं विचारू नका."

"दोघींना कुणी कायम करत नाही. तरी दर वर्षी पेरणीला परत यायचं."

त्या जूनमध्ये मात्र टेबलावर कागद नव्हता. बाई पहिल्या दिवशी आल्या होत्या तरी. नव्या चपला घालून. हेडसर म्हणाले, बघू, कळवतो. ऑपॉसमचं चित्र मी भिंतीवरून काढलं आणि त्यांना दिलं. कणसं उंदरांनी खाल्ली होती.

मी अधूनमधून त्यांच्या घरी जायची. नवरे खाटेवर, उशी पाठीला. मला बघितलं की म्हणायचे, "या, उंदराच्या मावशी. त्या तुमच्या उंदराने आमचं घर खाल्लं, माहितीये ना?" बोलायचे हसत, पण हसून झाल्यावर तोंड फिरवायचे. बाई भाजी चिरत राहायच्या. एकदा मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "कधीकधी वाटतं गं, मारायला हवी होती काट. मीनाने काय, लिहिलंच असतं पुढे कुठेतरी. नसतं लिहिलं तर नसतं." त्यांचा हात धरून उभी राहिले. लोकांना वाटतं, ताठ उभ्या राहिलेल्या माणसाला नंतर छान झोप लागते. बाईंना लागत नसे. डोळ्यांखालची सावली आणखी खाली उतरली होती.

मीनाचं विचारशील. दहावी झाली, लग्न झालं, कुठे दिली ते मला ठाऊक नाही. ती मोठी कुणीतरी झाली असं सांगायला मला आवडलं असतं, पण मला माहीत नाही, आणि बाईंनाही नाही.

पुढे बाई कात्रपला गेल्या, माहेरच्या गावी. दोन-तीन खाजगी शाळा केल्या. सगळीकडे जून ते एप्रिल. नवरे गेले. भावांनी भाताची जमीन बिल्डरला दिली, तिथे इमारती आल्या, आणि त्यातल्याच एका इमारतीत तळमजल्याला बाईंना एक खोली मिळाली. काल मी जाऊन आले. दार उघडंच. बाई स्टुलावर, पावलं फरशीवर टेकलेली, पिशवी पोटाशी. आत शिकवणीच्या पोरांच्या वह्या. भिंतीवर तेच चित्र, रंग उडालेलं, पिल्लं कुठली आणि आई कुठली ते कळत नव्हतं आता.

"दमले," म्हणाल्या. मी म्हटलं, "मीपण." त्यांनी उठून चहा केला. एका पेल्यात आणि एका फुलांच्या कपात. कुठला कुणाचा, ते दोघींनी न विचारता उचललं.

बोलता बोलता मी तुझं सांगितलं. भाची शिक्षिका झालीय, पण कायम नाही, आणि पेपर काढायला कंटाळते. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. मला वाटलं, आता तुझ्यावर चिडतील.

"कंटाळणारच की गो," म्हणाल्या. "तिला ओरडू नकोस. तिला एक विचार माझ्याकडून."

"काय?"

"जून आणि एप्रिल. सारखं काय?"

मी म्हटलं, "बाई, ह्याला काही उत्तर आहे का?"

"मला कुठे येतंय," म्हणाल्या. "म्हणून तर विचारते."

निघताना वळून बघितलं. बाई दारात उभ्या. पिशवी पोटावर, तिच्यावर दोन्ही हात, आणि समोरच्या इमारतीच्या फटीत उगवलेल्या कसल्याशा गवताच्या तुऱ्याकडे वाकून बघत होत्या. माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. हाक मारावी वाटलं, पण मारली नाही.

तेव्हा ये बाई लवकर. रविवारी ये, म्हणजे आपण दोघी कात्रपला जाऊ. त्यांना आता फार दिवस थांबवू नये असं मला आतून वाटतं. उत्तर पाठ करून येऊ नकोस, येत नसलं तरी चालेल. फक्त कोरी येऊ नकोस. आणि या खेपेला चहा पुरता पिऊन जा.